आयल्या-गेल्यांची राखण

गोव्यातल्या पेडण्यात मोपाच्या कातळी सड्याखाली खालचा वाडा म्हणून वीस-बावीस घरांची वस्ती आहे. तिथल्या रवळनाथाच्या देवळातलं सोमवारचं गाऱ्हाणं फार लांबतं, अशी हल्लीच्या पोरांची तक्रार आहे. ते घालणारा कृष्णनाथ आता ऐंशीच्या पलीकडे गेला. तरी उभा राहतो, आणि वाड्यावरच्यांची नावं संपली की परक्यांची सुरू करतो. विमानतळाच्या कामाला आलेला गवंडी, वरच्या रस्त्यावरच्या दुकानात राहिलेला नोकर, भाड्याच्या खोलीतली नर्सबाई. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. एखाद्याचं गाव आठवलं नाही तर गाऱ्हाणं थांबतं, माणूस पाठवून विचारून आणतात, मग पुढे चालू. तोवर सगळे ऊन खात उभे. म्हातारा हट्टी झालाय म्हणतात. झालाही असेल. पण या हट्टाला एक सोमवार कारण आहे, आणि तो सोमवार ठाऊक असलेली माणसं आता वाड्यावर चार-पाचच उरली.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून साऱ्या गावादेखत मोठ्यानं केलेली मागणी. ज्याला मागायचं तो नारळ ठेवतो, पण तोंड उघडत नाही, तोंड कृष्णनाथाचं. तो म्हणणार, "अमक्याच्या गायीक दूध फुटांदे रे म्हाराजा," आणि मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणणार, "व्हय म्हाराजा!" इतक्या जणांनी होकार भरल्यावर देवाला नाही म्हणायची पंचाईत होते, अशी त्यातली खुबी. हा मान त्याच्या घराण्याचा, आणि मानाबरोबर एक नियमही. ज्याच्या तोंडी गाऱ्हाणं, त्यानं आपल्या घरचं मागायचं नाही. वाढपीच आपल्या पानात आधी वाढू लागला तर पंगत उपाशी राहील, असं त्याचा बाप सांगायचा.

कृष्णनाथानं तो नियम कधी मोडला नाही. लोक म्हणत, किस्नासारखो परोपकारी माणूस शोधून सापडाचो नाय. ऐकून ऐकून त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. वर्षानुवर्षं आपण दुसऱ्याचं भलं मागतो, तेव्हा आपण भले असणारच, असं कुणालाही वाटेल. मागायला पदरचं काय जातं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन स्वतःला असलं कोण विचारतो!

त्याचा दुसरा गुण काळजीचा. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण त्याच्यावरूनच निघाली असावी. बस दहा मिनिटं उशिरा आली की ती दरीत गेली असणार. लक्ष्मीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठसका लागला तरी हा उठून उभा. आणि एकुलता एक मुलगा सुदेश खाणीवर ट्रक चालवायला लागल्यापासून तर त्याच्या जिवाला थारा नव्हता.

गोवा राज्य होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. कचेऱ्यांवर कोकणी पाट्या लागल्या, मंत्री वाढले, पण पेडण्याच्या पोरांना काम पेडण्यात नव्हतं. ते डिचोलीच्या खाणींवर होतं. सुदेश आणि शेजारच्या शेवंतीचा जयराम एका वयाचे. दोघांनी एकाच महिन्यात लायसन काढलं, एकाच मालकाकडे लागले. पहाटे जायचे, दिवसभर खाणीतून नदीवरच्या धक्क्यापर्यंत माल ओढायचे, आणि संध्याकाळी पापण्यांपर्यंत तांबडे होऊन परत यायचे. शेवंती विधवा. तिला थोरली मुलगी होती, तिचं लग्न होऊन ती हरमलला दिलेली. घरात जयराम तेवढा.

आणि कृष्णनाथाच्या गोठ्याला लागून जी खोप होती, तिच्यात सखाराम राहायचा. तो बांद्याच्या पलीकडचा, सिंधुदुर्गातला. तोही डिचोलीलाच ट्रक चालवायचा, दुसऱ्या मालकाचा. खाणीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तापानं फणफणला होता म्हणून सुदेशनं त्याला चार दिवसांसाठी घरी आणला. चार दिवसांची दोन वर्षं झाली. इथून बांद्याची बस मिळते, गावी जायला बरं पडतं, असं तो सांगायचा. पस्तिशीचा, बोलायला कमी, हसायला जास्त. सकाळी या दोघांबरोबरच निघायचा. येताना डिचोलीच्या बाजारातून लक्ष्मीसाठी गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणायचा, आणि तिचे गुडघे दुखायचे म्हणून विहिरीचं पाणी काढून द्यायचा.

आदल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यानं एकदा कृष्णनाथाला गाठलं होतं. "काका, सोमवारच्या गाऱ्हाण्यात माजा नाव घेशात? बायलेक दिवस गेलेत. आदलो एक आमचो गेलो, म्हणान भय वाटता."

"अरे, हंय वाड्यावरच्यांचीच नावां घेतत," कृष्णनाथ म्हणाला. "तुजो देव तुज्या गावाक. तेका नारळ घाल." सखारामाचा चेहरा पाहून त्यानं पुढे जोडलं, "आणि शेवटाक मी म्हणतंय नी, आयल्या-गेल्यांची राखण कर रे म्हाराजा? त्यात तू इलंस."

ती ओळ खरंच होती. वाड्याचं सगळं मागून झालं की कृष्णनाथ शेवटी एका दमात ती म्हणायचा. पाहुणा, कासार, बोहारीण, वाट चुकलेला, जो कोण वाड्याच्या हद्दीत असेल त्या सगळ्यांसाठी मिळून ती एक ओळ. सखाराम हसला. "व्हय, त्यात मी इलंय," म्हणाला, आणि पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही.

तो सोमवार माघातला. अकरा वाजले असतील. कृष्णनाथ परसात मिरचीला पाणी घालत होता, बाराच्या पूजेला देवळात जायचं म्हणून घाईत होता. वरच्या रस्त्यावर महादेवाचं दुकान, आणि साऱ्या वाड्यात टेलिफोन तेवढा त्याच्याकडे. महादेव कधी धावत नाही; दुकान सोडून तर नाहीच. तो धावत येताना दिसला तेव्हाच कृष्णनाथाच्या हातातली कळशी खाली आली.

"डिचोलेसून फोन इल्लो," महादेव धापा टाकत म्हणाला. "खाणीवयल्यान. म्हणालो, खालच्या वाड्यावरचो डायव्हर... काठ ढासळलो, ट्रक खणीत गेलो. माणूस... माणूस उरलो नाय म्हणालो."

"कोण?"

"विचारूक गेलंय तर लायन तुटली. मगे नंबर लागांकच नाय."

वाड्यावरचे डायव्हर दोन. सुदेश आणि जयराम. ही मोजणी कुणी केलीसुद्धा नाही, ती आपोआप झाली. पाच मिनिटांत दारोदार एकच शब्द फिरला, "दोगांतलो एक." वाड्यावर बाबली मोटारसायकलचा पायलट, पिवळ्या मडगार्डवरून भाडी मारणारा. तो किक मारून निघाला. जाऊन-येऊन तीन तास कुठे जात नाहीत.

लक्ष्मी उंबऱ्यावर बसली ती उठेना. कृष्णनाथ अंगणात उभा राहिला. गोठ्यापलीकडच्या दोरीवर एक निळा सदरा वाळत घातला होता, त्याकडे तो बघत राहिला. सदऱ्याची सावली कितीशी सरकली, म्हणजे बाबली कुठवर पोचला असेल, एवढंच त्याला त्या सदऱ्यात दिसलं. मग देवळाची घंटा वाजली. जावं तर लागणार होतंच.

देवळात सगळा वाडा जमला होता, आणि सगळा वाडा त्याच्याकडे आणि शेवंतीकडे आळीपाळीनं बघत होता. कुणाला धीर द्यावा हे कुणाला कळेना. एकाला 'काय जाऊचा नाय तुज्या झिलाक' म्हणावं तर ते दुसऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखं होणार. शेवंती पुढे आली. केस सुटलेले, हातात न सोललेला नारळ, तसाच परसातून उचललेला.

"भावोजी," ती म्हणाली, "माज्या जयरामाचा घाला."

कृष्णनाथानं नारळ हातात घेतला. त्याला वाटलं होतं तसा तो जड नव्हता. तो देवाकडे वळला आणि म्हणाला, "हे देवा म्हाराजा, चारय सीमांच्या राखणदारा, आज आमच्या दोगांय पोरांक..."

"किस्ना," मागून बाबाजी म्हणाला. बाबाजी देवळाचा वडीलधारा मानकरी, नियमाचा पक्का. आवाज मऊ होता, पण तो थांबला नाही. "नारळ तिचो. तिचाच घाल. आपल्या घरचा तुका मागूक येना."

"मग माजा कोण मागतलो?" असं कृष्णनाथाच्या ओठांवर आलं होतं. वाड्यात दुसऱ्या कुणाला गाऱ्हाणं येत नव्हतं. सुदेशसाठी मागणारं तोंड या जगात नव्हतं, आणि जे एक होतं ते आता जयरामसाठी उघडायचं होतं. जयराम सुखरूप म्हणजे सुदेश खाणीत. त्यात तिसरा अर्थ निघत नव्हता.

त्यानं डोळे मिटले. "हे देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान आज तुज्या पायांकडे नारळ ठेवलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तिचो झील जयराम सकाळी कामाक गेलो, तो सांजेक उबो घराक येवंदे."

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक होकारासरशी त्याला वाटत होतं की गावानं एकमतानं सुदेशला एक पाऊल मागे ढकललं. आणि आता पुढची ओळ आली. कुठल्याही संकटाच्या गाऱ्हाण्यात ती असतेच. त्यानं ती शेकडो वेळा म्हटली होती, तापासाठी, कोर्टासाठी, चोरीसाठी, आणि एकदाही तिचा अर्थ त्याच्या मनात आला नव्हता.

"तेच्यावयला जा काय संकट आसात..." तो थांबला. बाबाजी खाकरला. "ता दुसऱ्या वाटेक लाय रे म्हाराजा."

दुसरी वाट कुठली, हे मंडपातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. "व्हय म्हाराजा" आलं, पण अर्ध्याच तोंडांतून. आणि कृष्णनाथ मनातल्या मनात जिवाच्या आकांतानं ओरडत होता, नाय म्हाराजा, नाय, आयकू नको, ता तिच्याच घराक ऱ्हवांदे. ऐन देवापुढे, शेवंतीचा नारळ हातात धरून. पन्नाशीपर्यंत साठवलेलं भलेपण चार शब्दांत बाहेर सांडलं, आणि त्याला त्याची त्या क्षणी लाजही वाटली नाही. त्यानं नारळ झटकन पायरीवर ठेवला, हात जोडले आणि मागे सरला. शेवटची ओळ म्हणायची राहिली. ती राहिली हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही, दुसऱ्या कुणाच्याही नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं शेवंतीचा आवाज आला. देवळात बाईनं मोठ्यानं काही मागायची रीत नाही. "आणि सुदेशाकय," ती म्हणाली. "सुदेशाकय घराक हाड म्हाराजा."

कुणी व्हय म्हटलं नाही. म्हणायचं की नाही हेच कुणाला कळलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. कृष्णनाथ देवळाच्या पायरीवर बसला, जिथून वरचा रस्ता दिसतो. एक ट्रक गेला, तो चिऱ्यांचा. एक स्कूटर गेली. एकची बस आली, तिच्यातून मास्तर उतरला आणि छत्री उघडून निघून गेला; जगात काही झालंच नाही अशी त्याची चाल. कृष्णनाथाचं डोकं मात्र चालूच होतं. जयराम गाडी जोरात हाकतो. दोनदा ताकीद मिळालेली. आपला सुदेश जपून चालवतो, काठाला नेतच नाही. शेवंतीला निदान मुलगी तरी आहे, आपल्याला तो एकटा. तिला दुःखाची सवय आहे, नवरा गेला तेव्हा सोसलंच की तिनं. लक्ष्मी कशी सोसेल? असं एकेक कारण तो काढत होता आणि देवापुढे मांडत होता, आणि प्रत्येक कारण शेवंतीच्या पोराला खाणीकडे ढकलत होतं. आपण हे काय करतोय ते त्याला दिसत होतं. थांबता येत नव्हतं. पोटच्या पोराचा प्रश्न आला की माणूस किती खाली उतरेल याला पायऱ्या नसतात.

दीडच्या सुमाराला शेवंती तांब्याभर पाणी घेऊन आली. त्याला दिलं, आणि दोन पायऱ्या सोडून खाली बसली. त्यानं पाणी घेतलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या पायांच्या भेगा तेवढ्या दिसत होत्या. या बाईचा मुलगा मेला असेल तर बरं, असं आपण तास-दीड तास मागतोय, आणि हिचं पाणी पितोय, हे त्याला कळलं तेव्हा त्यानं तांब्या खाली ठेवला.

अडीच वाजले. पावणेतीन. वरच्या वळणावर मोटारसायकलचा आवाज आला. कृष्णनाथ उठला. बाबलीच्या मागे कुणीतरी होतं. एक. नाही, एकाच्या मागे आणखी एक. तिघे एका गाडीवर, तांबड्या मातीनं माखलेले, सारख्याच रंगाचे.

"दोगय!" कुणीतरी ओरडलं. "दोगय आसत!"

पुढचा गोंधळ सांगण्यासारखा नाही. शेवंती धावली ती पडली, उठली, पुन्हा धावली. लक्ष्मीचे गुडघे कुठे गेले कोण जाणे, तीही धावली. महादेवानं दुकानातली साखर आणून मुठीमुठीनं वाटली, आणि महादेव साखर फुकट वाटतो हे वाड्यानं तेव्हाच पाहिलं. बाबाजीनं पायरीवर नारळ फोडला. कृष्णनाथानं सुदेशला धरलं आणि त्याची मान, खांदे, हात चाचपत राहिला. सुदेश काठीसारखा ताठ उभा होता. साखर त्याच्या हातावर कुणी ठेवली ती तशीच होती.

"बाबा," तो म्हणाला, "सखाराम गेलो."

कृष्णनाथाला आधी कळलंच नाही की हे कुणाबद्दल आहे.

"आमी ट्रक काडूक बगत होतो, म्हणान उशीर झालो," जयराम म्हणाला. "खाणीवयल्या हजेरीच्या वयत पत्तो लिवलेलो, खालचो वाडो. तेनाच दिल्लो. म्हणान तेंनी हंय फोन केलो."

कुणीतरी सुस्कारा सोडला. "सखाराम? तो खोपीतलो?" "अरेरे. बरो होतो गडी." "पण देवान राखला बाबा वाड्याक." हे म्हणणारे दुष्ट नव्हते. साडेतीन-चार तास गळ्याभोवती असलेला फास सुटला होता, आणि सुटल्यावर माणूस आधी श्वास घेतो. पण कृष्णनाथ पायरीवरून दिसणाऱ्या आपल्या गोठ्याकडे बघत होता. दोरीवरचा निळा सदरा आता वाळून वाऱ्यावर हलत होता. तो कुणाचा हे त्याला आत्ता दिसलं. दोन वर्षं हा माणूस त्याच्या विहिरीचं पाणी काढत होता, त्यानं स्वतःला वाड्यात मोजलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं. वाड्यानं त्याला मोजला नव्हता. मरणाची मोजणी असूनही नाही.

"किस्ना," बाबाजी म्हणाला, "सोमवारचा गाऱ्हाणा अर्दा ऱ्हवला हा. उपकाराचा घाल नी पुरा कर."

अर्धं राहिलंय हे ऐकलं आणि कृष्णनाथ पायरीवरच थांबला. त्याला आठवलं काय राहिलं होतं ते. एकच ओळ होती त्या माणसाच्या वाट्याची, तीही साऱ्या परक्यांबरोबर वाटून दिलेली, आणि ती आज आपण खाल्ली. संकट दुसऱ्या वाटेला लाव म्हणालो, आणि त्या वाटेवर जो उभा होता त्याची राखण मागायला विसरलो. आता कुणी म्हणेल, गाऱ्हाणं बाराला आणि काठ ढासळला त्याच्या आधी, त्यात ओळीचा काय संबंध? सुदेशनं पुढे तेच सांगून पाहिलं. बरोबरच होतं त्याचं. पण कृष्णनाथाला ते कधी पटलं नाही, आणि मला विचाराल तर पटायला नको होतं.

तो देवापुढे उभा राहिला. "हे देवा म्हाराजा," तो म्हणाला, "सखाराम..." आणि अडला. गाऱ्हाण्यात बापाचं नाव लागतं, गाव लागतं. तो मागे वळला. "सुदेश, तेच्या बापाशीचा नाव काय?" सुदेशनं मान हलवली. "गाव खंयचो?"

"बांद्याच्या पलीकडे," सुदेश म्हणाला. एवढंच.

"तेचा हंय कित्या, किस्ना?" बाबाजी हळूच म्हणाला. "भायलो तो. आदी उपकाराचा घाल."

कृष्णनाथ वळला नाही. "सखाराम म्हणान एक गडी, आमच्या वाड्यावरचो," तो म्हणाला, "तेका तुज्या पायांकडे जागो दी रे म्हाराजा."

मागे पन्नास माणसं उभी होती आणि होकार येत नव्हता. बाहेरच्याच्या नावाला व्हय म्हणायचं असतं का, याचा विचार चालला होता. त्याला वाटलं, आता हे गाऱ्हाणं असंच हवेत राहणार.

"व्हय म्हाराजा." बायकांच्या बाजूनं. शेवंती होती. मग सुदेश, मग जयराम, आणि मग रेंगाळत, एकेक करून बाकीचे.

देवळातून उतरताना शेवंती त्याच्याजवळ थांबली. "भावोजी, सुदेशाचा मी म्हटलंय ता तोंडान म्हटलंय," ती म्हणाली. "पोटात माजो जयरामूच होतो. तुमकां ठावक असांदे."

"माजाय तसाच होता, वयनी," कृष्णनाथ म्हणाला. "तसाच नाय. वायट." तिनं काय ते विचारलं नाही.

खोपीच्या वाशात खोचलेलं एक अंतर्देशीय पत्र सापडलं, त्यावरून गाव कळलं. मालकाच्या जीपमधून सखारामाला घरी नेला. सुदेश आणि जयराम बरोबर गेले. कृष्णनाथानं गुडघ्याचं निमित्त काढलं. गुडघे लक्ष्मीचे दुखायचे, त्याचे नव्हते. पण खोपीत सखारामाची पत्र्याची पेटी राहिली होती, आणि ती रोज दिसत होती. सदरा लक्ष्मीनं घडी करून तिच्यावर ठेवला होता. अकराव्या दिवशी कृष्णनाथानं पेटी डोक्यावर घेतली आणि बांद्याची बस पकडली. वाटेत त्यानं ठरवून टाकलं की तिथे सगळं सांगायचं. नाव घ्यायला नाही म्हटलं ते, ओळ गिळली ते, सगळं. बाई चार शिव्या देईल, घेऊ. त्याशिवाय हे पोटातून जायचं नाही.

घर उतारावर होतं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. सखारामाची म्हातारी आई कोपऱ्यात बसली होती. त्याची बायको यशोदा बाहेर आली ती भिंतीला हात धरून. दिवस भरत आले होते. त्यानं पेटी खाली ठेवली आणि आपण कोण ते सांगितलं. त्याचं नाव ऐकताच तिचा चेहरा बदलला.

"तुमीच ते किस्नाकाका?" ती पुढे आली आणि त्या अवघडलेल्या देहानं वाकून त्याच्या पायांना हात लावला. "तेंनी माका सगळा सांगलेला. मी हंय भियायचंय, आदला पोर गेलेला म्हणान, खाणीवयला काम म्हणान. तर म्हणायचे, तू कित्या भिता? थंय काका आसत. दर सोमवारी देवळात उबे ऱ्हवान माज्या नावान गाऱ्हाणा घालतत, तुज्याय नावान घालतत, आणि आख्खो वाडो व्हय म्हणता. मगे माका झोप लागायची."

कृष्णनाथानं तोंड उघडलं. बसमध्ये जुळवून ठेवलेलं सगळं तोंडात होतं.

"त्या सोमवाराकय घातलेलात, काका?" तिनं विचारलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचा हात पोटावर होता.

खरं सांगितलं असतं तर त्याचं ओझं उतरलं असतं. ते तिच्या डोक्यावर गेलं असतं, इतकंच. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यासाठी मागणाऱ्या माणसाला पदरचं काहीतरी जायची ही पहिली वेळ होती. जन्मभर जो शब्द त्यानं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता, तो आता त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावा लागला.

"व्हय," तो म्हणाला.

"मगे बरा," यशोदा म्हणाली. "म्हणजे येकटे नाय गेले." तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हातारीला चहा ठेवायला सांगितलं. कृष्णनाथ पेटीशेजारी खाली बसला, आणि चहा येईपर्यंत त्यानं सखारामाच्या बापाचं नाव विचारून घेतलं.